पाचच्या गाडीचं भारमान

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. दिवाळी अंकात कामाच्या आठवणी लिहितात ती माणसं मोठी असतात. कुणी तहसील कार्यालयात जन्म काढलेला असतो, कुणी सरकारी दवाखान्यात. मी अजून शिकतो आहे, आणि मी जे काम केलं ते अहमदपूरच्या बसस्टँडबाहेर उभं राहून ओरडायचं होतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. त्यामुळे कागदावर पेन टेकवलं की अजून वाटतं, मागून कुणीतरी येईल आणि म्हणेल, ऊठ, ही जागा दुसऱ्याची आहे. पण अहमदपूरचे आमचे अर्थशास्त्राचे सर या अंकाचं काम बघतात. एकदा वर्गात मागणी-पुरवठा शिकवताना त्यांनी उदाहरण विचारलं होतं. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि घाबरून खाली बसलो. सर म्हणाले, उरलेलं कधीतरी लिहून दे. हे ते उरलेलं.

काम काय असतं ते आधी सांगतो. स्टँडच्या गेटाबाहेर काळीपिवळी जिपांची रांग लागते. खरं तर त्यांनी तिथं उभं राहायचं नसतं, पण ते सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे कुणी बोलत नाही. ड्रायव्हर आत बसतो, आणि खाली उभं राहून माणसं गोळा करणारा एक जण असतो. त्याच्या ओरडण्याला हाळी म्हणतात आणि प्रवाशाला शीट. ‘किती शीट झाले?’ ‘एक शीट म्हातारं आहे, त्याला पुढं घे.’ हा शब्द जिभेवर इतका बसला की कॉलेजात एकदा हजेरी घेताना सरांनी आज किती जण आलेत असं विचारलं, तर मी म्हणालो, चाळीस शीट. पुढचे कित्येक दिवस मला वर्गात शीटवाले म्हणत होते.

हाळीचीही रीत असते. जवळचं गाव आधी घ्यायचं आणि शेवटच्या गावाचं नाव लांबवायचं. लांबच्या गावचं माणूस दिवसभर फिरून थकलेलं असतं. गर्दीत त्याला आपल्या गावाचं नाव ऐकू आलं की डोकं विचार करायच्या आत पाय वळतात. आमच्या रस्त्याची हाळी अशी होती: ‘फाटा, पिंपळवाडी, तांडा, बोरवाडीऽऽ.’ बोरवाडी माझंच गाव, त्यामुळे ते नाव माझ्या तोंडून जरा जास्तच लांबायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे रिकाम्या जिपेत कुणी बसत नाही. ती कधी भरणार आणि कधी निघणार, असं प्रत्येकाला वाटतं. म्हणून आधी आपलीच माणसं बसवायची. मी स्वतः मांडीवर पिशवी घेऊन, घाईत असल्यासारखा, खिडकीशी बसायचो आणि चार शीट जमले की हळूच उतरायचो. पिशवीत जुने पेपर कोंबलेले असायचे. पुढे सरांनी बाजारात लोक एकमेकांकडे बघून कसे वागतात ते शिकवलं, तेव्हा वर्गात सगळे लिहून घेत होते. मला ती पिशवी आठवत होती.

जिपा नागनाथअप्पांच्या होत्या. कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती, लोह्याच्या रस्त्याला पंप होता, आणि सुनेच्या नावानं मुलींचं वसतिगृह होतं, त्याच्या खाली मेस. गेटासमोरच्या त्यांच्या बाकड्यावर सगळ्या पक्षांची माणसं एकाच किटलीतला चहा प्यायची. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. सकाळचे तास संपवून मी दुपारी कामाला यायचो, आणि परीक्षा जवळ आली की अप्पा मला जिपेत बसून वाचू द्यायचे. ‘वाच लेकरा, शीट मी बघतो,’ म्हणायचे आणि खरोखर इस्त्रीचा शर्ट घालून उन्हात हाळी द्यायला उभे राहायचे. इतका पैसा असलेला दुसरा कुणी माझ्यासाठी उन्हात उभा राहिलेला मला आठवत नाही.

आता गाडीचं सांगतो. अहमदपूरहून लोह्याकडे जाणाऱ्या एसट्या पुष्कळ आहेत, पण त्या आम्हाला फाट्यावर सोडतात. फाट्यापासून आत बोरवाडीपर्यंतचा रस्ता ज्वारीतून जातो, आणि हिवाळ्यात तिथं लवकर अंधारतं. आत जाणारी संध्याकाळची गाडी एकच, पाचची. कॉलेज सुटलं की चारही गावांच्या मुली तिच्याकडे पळत यायच्या. मुलींना पास मोफत असतो. त्यांत माझी चुलत बहीण सुवर्णा होती, अकरावी सायन्सला. तिचे वडील, म्हणजे आमचे नाना, फार बोलत नाहीत. या बाबतीत त्यांचं बोलणं ठरलेलं होतं. ‘गाडी हाय तवर कॉलेज. जिपात कोंबून न्यायला माझी पोरगी म्हंजे शेळी न्हाई.’ जिपेवर पुतण्याच आहे हे त्यांना माहीत होतं. पुतण्या किती शीट कोंबतो हेही त्यांना माहीत होतं.

पाचच्या गाडीच्या वाहक शोभा मॅडम होत्या. धंद्यानं आम्ही एकमेकांचे वैरी, पण गेटाशी गाठ पडली की त्या विचारायच्या, ‘काय शीटवाले, आज किती पोटात घातले?’ मी म्हणायचो, तुमच्यापेक्षा दोन कमीच. पोरींपैकी कुणी पळत येताना दिसली की त्या घंटीच्या दोरीला हात लावायच्या नाहीत. ड्रायव्हर मागं वळून बघायचा, तर मॅडम खिडकीतून बाहेर बघत बसलेल्या.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता गाडीची वेळ बदलली. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’, आणि खाली सव्वाचार. अकरावी-बारावीची प्रॅक्टिकलं सुटायला पाच वाजायचे. म्हणजे सव्वाचारला गाडी पुढं रिकामी, मागं रिकामी निघून जायची, आणि पाचला मुली दप्तरं घेऊन फलाटावर येऊन उभ्या राहायच्या. मग मी हाळी द्यायचो.

मला वाटलं, कुणाची तरी चूक झाली असेल. मी भोळेपणानं अप्पांनाच विचारलं. अप्पांनी बशी खाली ठेवली. लपवावं असं त्यांना यात काही वाटतच नव्हतं. आगाराच्या बैठकीला गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावतात, तिथं त्यांनीच ही मागणी मांडली होती. दुपारच्या प्रवाशाला आत जायला गाडी नाही, असं ते म्हणाले होते, आणि ते खोटंही नव्हतं. दोन पक्षांच्या दोन माणसांनी लगेच पाठिंबा दिला होता.

‘मी गाडी बंद करा म्हणलो न्हाई लेकरा,’ अप्पा म्हणाले. ‘कधी म्हणणार बी न्हाई. मी फक्त काटा जरासा मागं घेतला. आता ती आपल्या पायानं बंद पडंल.’

आपल्या पायानं म्हणजे काय, ते शोभा मॅडमनी सांगितलं. एसटीत भारमान म्हणून एक शब्द आहे. गाडीत जागा किती आणि त्यांतल्या भरल्या किती, याचा तो हिशेब. भारमान चांगलं असेल तर मार्ग चालू राहतो, ते सतत कमी राहिलं तर बंद होतो. रिकामी का धावली, हे त्या हिशेबात कुठं लिहिलेलं नसतं. मॅडम म्हणाल्या, ‘साहेबांच्या टेबलावर फक्त एवढंच जातं की बोरवाडीला माणसंच जात न्हाईत.’

त्याच आठवड्यात वर्गात सर म्हणाले होते, मागणी असली की पुरवठा येतो. आणि मी उभा राहून ती दोन वाक्यं बोललो होतो. म्हणालो होतो की सर, आमच्या स्टँडवर मागणी दप्तर घेऊन उभी असते. पुरवठा ती यायच्या आधी निघून गेलेला असतो.

पिंपळवाडीच्या दोघी-तिघी अप्पांच्या वसतिगृहात राहायला गेल्या. ज्यांच्या घरून शक्य होतं त्या गेल्या. तांड्यावरची एक मुलगी घरी बसली. ती गणितात फार हुशार होती असं सुवर्णा सांगते. सुवर्णा स्वतः प्रॅक्टिकल अर्धं टाकून सव्वाचारची गाडी धरायची आणि रोज बोलणी खायची. नाना म्हणाले, अकरावी काढू अशी तशी, बारावीचं पुढं बघू. आमच्याकडे ‘पुढं बघू’ याचा अर्थ मुलींना बरोबर कळतो.

इथं माझी चुलती, सुवर्णाची आई, शांताकाकू पुढं आली. घरच्या रानातली भाजी घेऊन ती अहमदपूरच्या बाजारात बसायची. चार गावांच्या आणखी बायका तिच्याबरोबर बसायच्या. त्या सगळ्या मिळून आगारात गेल्या. आगाराच्या साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि खरं ते सांगितलं. जी गाडी रिकामी धावते तिची वेळ बदलून मागायला माझ्याकडे तोंड नाही, ते म्हणाले. वर्ष संपायच्या आत भारमान दाखवा, मग मी वर लिहितो. नाहीतर मार्गच बंद होईल.

बाहेर पायरीवर येऊन काकूनं ते सगळ्यांना समजावून सांगितलं. ‘म्हंजे ज्या टायमाला आपल्याला गाडी नको, त्या टायमाला तिच्यात बसायचं. मंग ती पोरींच्या टायमाला येणार. कुणाचं डोकं म्हणायचं ह्ये?’ बायका हसल्या. पण ठरलं. बाजार थोडा लवकर उरकायचा आणि अहमदपुरात आलेल्या प्रत्येक बाईनं परत जाताना सव्वाचारच्या एसटीतच बसायचं.

ठरणं सोपं होतं. चार दिवस बायका आठवणीनं फलाटावर गेल्या. पाचव्या दिवसापासून पाय सवयीनं जिपेकडे वळायला लागले. माणसं दमलेली असतात, गेटाशी त्यांच्या गावाचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेत असतं. एसटी बिचारी मुकी. तिच्या पाटीवर गावाचं नाव लिहिलेलं, पण ते वाचायला थांबावं लागतं. आमच्या तोंडातलं नाव चालता चालता ऐकू येतं.

मग एका बाजारच्या दिवशी घोटाळा झाला. स्टँडात काँक्रीटचं काम चालू होतं, म्हणून सव्वाचारची गाडी गेटाबाहेर, नेमकी आमच्या पहिल्या नंबरच्या जागेवर लागली. आमची जीप तिच्या मागं. मी माझ्या नेहमीच्या दगडावर चढलो आणि नेहमीसारखी हाळी दिली. बोरवाडीऽऽ म्हणताना माझे डोळे मिटतात, ती माझी खोडच आहे. डोळे उघडले तर माणसं चढत होती, आणि ती एसटीत चढत होती. हाळी ऐकली, समोर गाडी दिसली, बसले. एक म्हातारा तर आत जागेवर बसून मला खिडकीतून म्हणाला, ‘आज अप्पानं लई मोठी जीप आणली रे.’ मी थांबवायला गेलो तोवर गाडी भरली होती. शोभा मॅडम दारात उभ्या राहून तिकिटं फाडत होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. ‘शीटवाले, तुमचा पगार एसटीनं द्यायचा का?’ त्यांनी विचारलं. आमच्या जिपेत त्या दिवशी मी आणि माझी पेपरांची पिशवी, एवढेच होतो.

अप्पा हे सगळं बाकड्यावरून बघत होते. रागावतील असं वाटलं होतं. ते इतके हसले की डोळे पुसावे लागले.

पण तो घोटाळा आणखी एका माणसानं बघितला होता. काकू टोपली डोक्यावर घेऊन एसटीच्या पायरीशी उभी होती आणि एकटक माझ्या दगडाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा आत फलाटाला लागली. मी गेटाशी हाळी दिली. माझं बोरवाडी संपायच्या आत फलाटावरून दुसरी हाळी आली: ‘फाटा, पिंपळवाडी, तांडा, बोरवाडीऽऽ. लाल गाडी, बसून जावाऽऽ.’ काकू उभी होती, कमरेवर हात ठेवून. जन्मभर भेंडी-गवार विकलेला आवाज तो. भर बाजारात चार ओळी पलीकडच्या गिऱ्हाइकाला वळवणारा. माझा आवाज त्याच्यापुढं वर्गात उत्तर देताना होतो तसा झाला. लोक थांबले, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि फलाटाकडे गेले. जाता जाता काकू म्हणाली, ‘कामून रे, कॉलेजात जाऊन आवाज बारीक झाला व्हय तुझा?’

त्यानंतर रोज हेच चाललं. काकू नसेल त्या दिवशी तांड्यावरची एखादी बाई, कधी पिंपळवाडीची. सगळ्यांनी हाळीचा क्रम माझ्याकडून ऐकून ऐकून उचललेला होता, शेवटचं नाव लांबवण्यासकट. मी माझं काम प्रामाणिकपणे करत होतो, कारण त्या कामाचं मी खात होतो. आणि रोज हरत होतो. संध्याकाळी घरी ताट वाढताना काकू विचारायची, आज किती शीट झाले तुझे? मी सांगायचो. ती म्हणायची, ‘बरं हाय की. उपाशी न्हाई मेलास,’ आणि भाकरी वाढायची. इतक्या प्रेमानं मला पुढं कुणी हरवेल असं वाटत नाही.

एक दिवस अप्पा बाकड्यावरून उठले आणि सरळ फलाटावर गेले. मी मागं मागं. सगळं स्टँड बघत होतं.

‘शांताबाई,’ अप्पा म्हणाले, ‘येवढा आवाज सरकारच्या गाडीपायी कामून वाया घालवून राहिल्या? माझ्याकडं या. या पोराच्या दुप्पट देतो.’

काकूनं पदर नीट केला. ‘येते की अप्पा. उद्याच येते. तुम्ही गाडी पाचला करा, जल्मभर तुमच्या जिपाची हाळी फुकट देते.’

शोभा मॅडमनी तिकिटं फाडायचं थांबवलं. अप्पा नुसते हसले. पाचला करणं आपल्या हातात आहे, हे काकूनं भर स्टँडात त्यांच्याकडून न बोलता कबूल करून घेतलं होतं. परत येताना ते मला म्हणाले, ‘तुझी काकू मला लई महाग पडणार.’ त्यात राग नव्हता. सौद्यात समोरचा माणूस तोलामोलाचा निघाला की मोंढ्यातले लोक ज्या सुरात बोलतात, तो सूर होता.

जूनमध्ये मी पुढच्या शिक्षणासाठी नांदेडला आलो. जिपेचं काम सुटलं. निघताना अप्पांनी शर्टाचं कापड दिलं. गाडी अजून सव्वाचारलाच होती. मार्ग बंद झाला नव्हता, भारमान चांगलं होतं आणि साहेबांनी शब्द पाळून वर लिहिलंही होतं. पण वरून काही येत नव्हतं. सुवर्णा बारावीत गेली होती. बारावीचं प्रॅक्टिकल अर्धं टाकून चालत नाही, आणि नाना म्हणाले होते, गाडी पाचला झाली तर बारावी, नाहीतर झालं तेवढं बास. सुवर्णा मला स्टँडवर सोडायला आली. माझी गाडी निघेपर्यंत ती फळ्याकडे बघत होती.

नांदेडला मी संध्याकाळी एका मेसमध्ये वाढायचं काम करतो. तिथं मला कुणी हाळी देऊ देत नाही, तरी भाजी संपत आली की आवाज आपोआप चढतो. घरून फोन यायचे. काकू पाऊसपाणी सांगायची आणि मध्येच ‘भारमान’ हा शब्द असा वापरायची, जणू माहेरून घेऊन आली आहे. गाडीच्या वेळेचं विचारलं की म्हणायची, ‘हाळी देणं चालू हाय.’

आणि मग ती बातमी आली. मी जेवणाआधीची ताटं मांडत होतो. फोन सुवर्णाचा होता. मागं इंजिनाची घरघर होती, त्यामुळे तिला ओरडून बोलावं लागत होतं. फळ्यावर पुन्हा ‘प्रवाशांच्या सोयीसाठी’ लिहिलं गेलं होतं आणि खाली पाच. मागणी पुन्हा बैठकीतच मांडली गेली, आणि ती मांडली नागनाथअप्पांनी. त्याच दोन पक्षांच्या माणसांनी लगेच पाठिंबा दिला.

मला ते समजायला थोडा वेळ लागला. बायका सव्वाचारला एसटीनं जायला लागल्यापासून अप्पांच्या दुपारच्या जिपा रिकाम्या उभ्या राहत होत्या. पाचला येणाऱ्या मुलींवर जिपा भरत नव्हत्या, कारण पुष्कळ मुलींना घरून जीप बंद होती. गाडी पाचला गेली की दुपारच्या बायका पुन्हा जिपेकडे येतील, हा हिशेब अप्पांनी मांडला. म्हणजे माणूस तोच, बैठक तीच, खडू तोच. या वेळी फक्त त्यांचा फायदा कुठं उभा राहील, ते चार गावच्या बायकांनी ठरवलं होतं. याला न्याय म्हणावं का, मला माहीत नाही. सरांना माहीत असेल. तांड्यावरची ती मुलगी मात्र परत आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं.

सुवर्णा सांगत होती की पहिल्या दिवशी अप्पांनी गाडीपुढं नारळ फोडला. काकू शेजारीच उभी होती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, अप्पा, आपलं ठरलं होतं, हाळीला कवापासून येऊ? अप्पांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘नको बाई. तुमची हाळी ऐकून माझे शीट बी यष्टीत बसतील.’

मी विचारलं, तू आत्ता कुठं आहेस?

‘गाडीतच हाय की. फाटा सोडला आत्ता. प्रॅक्टिकल पुरं करून आले.’

इतका आवाज येतोय, मी म्हणालो. नीट बसून बोल, खिडकीपाशी.

‘बसू कुठं, दादा,’ सुवर्णा ओरडली. ‘उभी राहूनच बोलून राहिले. जागाच न्हाई.’